फिशटँकमध्ये वाळू कोणती घालावी?



आपल्या वस्त्यांत आणि चाळींत हल्ली माशांचा काचेचा टँक बराच दिसू लागला आहे. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली की बक्षीस म्हणून फिशटँक मागते. त्यात आता मुलांना प्लास्टिकची झाडे नको असतात, पाण्याखाली खरी हिरवी झाडे हवी असतात. मोबाइलवर त्यांनी तसले टँक पाहिलेले असतात. मग वडील रविवारी मुलांना घेऊन मुंबईच्या महात्मा फुले मंडईत किंवा आपल्या गावच्या दुकानात जातात. दुकानदार झाडांसाठी म्हणून परदेशी नावाची मातीची पिशवी पुढे करतो. किंमत ऐकून वडील पिशवी खाली ठेवतात. पुढे दोहोंपैकी एक होते. एक तर टँक रिकामाच माळ्यावर जाऊन बसतो, नाही तर शेजारच्या बांधकामावरची दोन घमेली वाळू न धुता आत पडते. पाणी गढूळ होते, झाडे सडतात, मासे मरतात आणि मुलगी दोन दिवस धड जेवत नाही.

हे दोन्ही टाळता येते, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. नीट पारखलेली, नीट धुतलेली साधी वाळू झाडांच्या टँकला पुरते. मात्र ती पारखायची कशी, हे कुणी सांगत नाही. म्हणून आजचे सदर आम्ही सगळेच्या सगळे वाळूला दिले आहे.

पहिली गोष्ट अशी की, वाळू झाडाला जेवू घालत नाही. चांगली वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटीचा चुरा. त्यात अन्नद्रव्य नाही, आणि पाण्यातले अन्नद्रव्य धरून ठेवण्याची ताकदही मातीच्या मानाने नगण्य. दुकानातली ती महाग माती म्हणजे भाजलेल्या मातीच्या छोट्या गोळ्या असतात, आणि हा गुण त्यांच्यात आहे हे खरे. पण वर्ष-दोन वर्षांत त्यांतले अन्न संपत येते, गोळ्या हळूहळू फुटून चिखल होतो आणि पुन्हा नवी पिशवी आणावी लागते. वाळूचे तसे नाही. ती कुजत नाही, विरघळत नाही. एकदा आणली की पोर शाळा संपवून कॉलेजात जाईपर्यंत तीच चालते. तिचे काम झाडाला पाय रोवू देणे, एवढेच. झाडाचे अन्न येते ते माशांच्या विष्ठेतून, उरल्यासुरल्या खाद्यातून, पाण्यातल्या क्षारांतून आणि गरज पडलीच तर मुळाशी पुरायच्या खताच्या गोळीतून. एवढे लक्षात ठेवले की वाळू विकत घेताना "यात झाडे जोमाने वाढतात" असे कुणी सांगितले तर जास्तीचे पैसे द्यायचे की नाही, ते तुमचे तुम्हाला कळेल.

वाळूत पाहायचे ते दोनच गुण. दाणा केवढा आहे, आणि तिच्यात चुना आहे की नाही. बाकी सगळे धुतल्यावर जाते.

दाणा मोजायला फूटपट्टी लागत नाही, स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा पुरतो. खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा, मोहरीचा दीड-दोन मिलिमीटरचा. झाडांच्या टँकची वाळू या दोन दाण्यांच्या मधली असावी. जाड रव्याएवढीही चालेल. मैद्यासारखी चालणार नाही. आणि दाणा बाजरीपेक्षा मोठा झाला की तिला वाळू म्हणूच नये, ती बारीक खडी झाली.

मैद्यासारख्या वाळूचे काय बिघडते? ती दाबून बसते. दाण्यांमध्ये पाणी खेळत नाही, त्यामुळे प्राणवायू खाली पोहोचत नाही. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू तिथे वाढतात आणि त्यांतले काही सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. काचेतून पाहिले तर वाळूत काळे डाग दिसतात. कोवळी मुळे तिथे कुजतात. उलट दाणा फार मोठा असेल तर माशांचे खाद्य फटींतून खाली जाऊन अडकते आणि तिथेच सडते, आणि बारीक मुळांना पकड मिळत नाही. आज लावलेले झाड उद्या सकाळी पाण्यावर तरंगताना दिसते. खसखस-मोहरीच्या मधला दाणा या दोन्हीतून वाचवतो. अन्नाचे कण वरच राहतात, ते काढता येतात, आणि खाली मुळांपुरते पाणी झिरपत राहते.

या काळ्या डागांची भीती मात्र काही दुकानदार जरा जास्तच घालतात. पाण्यातल्या झाडांची मुळे स्वतःच आजूबाजूच्या वाळूत प्राणवायू सोडतात. दाट झाडे लावलेल्या टँकमध्ये वाळू म्हणून निरोगी राहते. अगदीच शंका आली तर स्वेटर विणायची सुई घेऊन आठवड्यातून एकदा, झाडे नसलेल्या जागी, हलकेच चार-पाच ठिकाणी खुपसावी. बुडबुडे वर येतील, येऊ द्यावेत. पण सगळी वाळू एकदम हाताने ढवळू नये. महिनोन्महिने खाली साठलेले सगळे एका क्षणात वर आले तर ते माशांना झेपत नाही.

आपल्या घरांत गवंडीकाम, बिगारीकाम करणारे पुष्कळ आहेत. वाळू कशी ओळखावी हे त्यांना या सदरापेक्षा जास्त कळते. गिलाव्याची वाळू वेगळी, स्लॅबची वेगळी, हे त्यांचे हात सांगतात. बांधकामाच्या आयएस ३८३ या मानकाप्रमाणे ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारा माल बारीक माल, म्हणजे वाळू धरतात. म्हणजे साइटवरच्या वाळूत साबुदाण्याएवढे खडेही असणार आणि धूळही असणार. आपल्याला मधलाच भाग हवा. त्यासाठी दोन जुन्या चाळण्या घ्या. गहू चाळायच्या चाळणीने मोठे खडे वर राहतील, ते काढून टाका. खाली पडलेला माल पिठाच्या चाळणीत घ्या. यातून जे खाली पडेल ते फेका, जे वर राहील ते आपले. एकदा वापरलेल्या या चाळण्या पुन्हा धान्याला वापरू नका.

इथे एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे. वाळू कोरडी चाळू नका. गारगोटीची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. वर्षानुवर्षे ती जात राहिली तर सिलिकोसिस होतो आणि त्याने फुप्फुसाची झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. दगडखाणीत, गारगोटी दळण्याच्या कारखान्यात, फाउंड्रीत राबलेल्या किती जणांची छाती या धुळीने निकामी केली आहे, ते आपल्या वस्त्यांना निराळे सांगायला नको. घरी एकदा बादलीभर वाळू चाळल्याने हा आजार होत नाही, पण दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे बाळ झोपलेले असते आणि म्हातारे माणूस खोकत असते, तिथे ती धूळ उडवायचीच कशाला? वाळू आधी भिजवा. पसरट टबात पाणी घ्या, चाळणी अर्धी पाण्यात बुडवा आणि पाण्याखालीच हलवा. धूळ पाण्यात राहते आणि काम लवकरही होते.

आता चुन्याचे. वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल, चुनखडीचे पांढरे खडे असतील तर ते पाण्यात हळूहळू विरघळत राहतात. पाणी जड होते, त्याचा सामू वर चढतो, आणि लोहासारखी अन्नद्रव्ये पाण्यात असूनही झाडांना नीट घेता येत नाहीत. नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसू लागते. आपण खत वाढवत जातो आणि दोष असतो तळाशी.

ही परीक्षा घरी होते. धुऊन वाळवलेली दोन चमचे वाळू बशीत घ्या आणि तिच्यावर पांढरे व्हिनेगर ओता. कान जवळ नेऊन ऐका, डोळ्यांनी पाहा. चुरचुर आवाज आला, बारीक बुडबुडे उठले तर चुना आहे. लिंबाच्या रसानेही हे कळते, पण व्हिनेगरने जास्त स्पष्ट कळते. संडास-बाथरूम धुवायचे अ‍ॅसिड यासाठी मुलांच्या हाती अजिबात देऊ नका.

व्हिनेगर सौम्य असते, थोडा चुना असेल तर ते दाखवत नाही. म्हणून दुसरी परीक्षा अशी. दोन सारख्या बाटल्यांत एकाच नळाचे पाणी भरा. एकीत अर्ध्यापर्यंत वाळू घाला, दुसरीत काही नको. आठ दिवसांनी दोन्हींतले वरचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत सारखेच घ्या, प्रत्येकात अंगाच्या साबणाचा सारखाच छोटा तुकडा टाका आणि हलवा. साबण हवा, धुण्याची पावडर नको, कारण पावडरीला जड पाण्यातही फेस येतो. वाळूच्या पाण्याला फेस कमी आला तर तिने पाणी जड केले आहे. दुकानात पाण्याचा जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या घ्यायच्या तर घ्या, पण एवढ्यासाठी साबण पुरतो. आठ दिवस बाटल्यांची बुचे घट्ट लावून ठेवा. बादलीत भिजवली असेल तर वर जुन्या धोतराचे फडके ताणून बांधा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसच लागतात, आणि मुलांच्या हौसेपायी गल्लीत ताप यायला नको.

नदीप्रमाणे वाळू बदलते, हे आपल्या महाराष्ट्रात फार चांगले दिसते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याची जमीन काळ्या कातळाची. त्या कातळाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतात आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे. म्हणून भीमा-गोदावरीच्या वरच्या भागातली वाळू काळसर असते आणि तिच्यात चुन्याचे कण निघू शकतात. नागपूर-भंडाऱ्याकडे कन्हान आणि वैनगंगा या नद्या जुन्या, गारगोटी असलेल्या खडकांतून वाहतात. तिकडची रेती पिवळसर, चमकदार, कणखर. बांधकामवाले तिचे नाव आदराने घेतात. तिकडच्या वाचकांचे काम त्यामुळे सोपे आहे. बाकीच्यांनी व्हिनेगरची बाटली जवळ ठेवावी.

थोडाफार चुना म्हणजे विष नव्हे, हेही सांगायला हवे. ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणीच येते, त्यांनी वाळूतल्या दोन बुडबुड्यांना घाबरून गोणी फेकू नये. गप्पी आणि मोली या माशांना जड पाणी मानवते, आणि व्हॅलिसनेरिया नावाची लांब रिबिनीसारख्या पानांची वनस्पती जड पाण्यातही जोमाने वाढते. ती आपल्या देशात नैसर्गिकपणे उगवते, स्वस्त मिळते आणि वाळूतून धावत जाऊन स्वतःच पोरे देते. आमचे मत विचाराल तर पहिल्या टँकला याहून चांगले झाड नाही.

समुद्राची वाळू घेऊ नका. तिच्यात मीठ असते, ते पुष्कळ धुण्याने जाईल. पण शिंपल्यांचा चुरा धुऊन जात नाही. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उपसायला किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने बंदी आहे. नदीची वाळूही पात्रात जाऊन भरून आणायची वस्तू राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, आणि विनापरवाना उपशाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली दंड आहे. रात्री पात्रात उतरून पाट्या भरणारा मजूर आपल्यातला असतो, दंडुका त्याच्याच पाठीत बसतो, पैसे तिसराच मोजतो. आपल्या टँकपुरती बादलीभर वाळू रीतसर विकत मिळते, तीच घ्यावी.

ती मिळते कुठे? आम्हाला सगळ्यांत बरी वाटते ती पाणी शुद्धीकरणाच्या फिल्टरमध्ये घालायची वाळू. वॉटर फिल्टरचे सामान विकणाऱ्यांकडे ती गोणीने मिळते. ती गारगोटीची असते, धुतलेली असते आणि दाण्याप्रमाणे निवडलेली असते. जाड दाण्याची मागून घ्या. नगरपालिकांच्या जलद फिल्टरला वापरतात ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे आपल्यासाठी बारीकच. चाळीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक गोणी घेतली तर प्रत्येकाला स्वस्त पडते. दुसरा मार्ग बांधकामावर उरलेल्या नदीच्या वाळूचा, मालकाला विचारून. ती वर सांगितल्याप्रमाणे चाळून आणि तपासून. आता बहुतेक साइटवर दगड फोडून केलेली क्रश सँड असते. तिचे दाणे धारदार आणि धूळ अमाप. नुसती झाडे ठेवायची असतील तर खूप धुऊन चालेल. पण तळाशी मिशा घासत फिरणारे कोरीडोरास किंवा लोच जातीचे मासे ठेवायचे असतील तर ती नको, त्यांच्या मिशा झिजतात. फाउंड्रीत एकदा वापरून टाकलेली वाळू फुकट मिळाली तरी आणू नका, तिच्यात रसायने मुरलेली असतात. पत्रा घासायला वापरतात ती काळी कॉपर स्लॅगही नको, तांबे गोगलगाईंना आणि कोळंबीला मारक असते.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. निळी-गुलाबी रंगवलेली वाळू घेऊ नये, रंग सुटतो. पांढरी शुभ्र वाळू आठवडाभर छान दिसते, नंतर प्रत्येक घाण उठून दिसते. पिवळसर किंवा काळसर वाळूवर माशांचा रंग खुलतो.

किती घ्यावी, याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. तळाचे क्षेत्रफळ १,८०० चौरस सेंटिमीटर. वाळू सरासरी ५ सेंटिमीटर म्हटली तर ९,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ९ लिटर, आणि वजनात अंदाजे १४ किलो. पुढच्या काचेशी तीन-चार आणि मागे सहा-सात सेंटिमीटर असा उतार दिला तर दिसते छान आणि मागच्या मोठ्या झाडांना मुळे पसरायला जागा मिळते. वाळू, चाळीसेक लिटर पाणी आणि काच धरून हा टँक साठ-पासष्ट किलोचा होतो, म्हणजे एका माणसाएवढा. तो प्लास्टिकच्या टेबलावर किंवा टीव्हीच्या डुगडुगत्या स्टँडवर ठेवू नका. भिंतीलगत लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा तुकडा, मग टँक.

धुण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि पाणी खाते. ज्यांच्याकडे नळ दीड तास येतो त्यांनी असे करावे. एका वेळी पाव बादलीच वाळू घ्या. पाणी ओता, हाताने खळबळा, गढूळ पाणी लगेच ओतून द्या. आठ-दहा वेळा करावे लागेल. शेवटच्या दोन-तीन धुण्यांचे पाणी जवळपास स्वच्छ असते, ते फेकू नका. पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला तेच वापरा. अशाने बरेच पाणी वाचते. साबण, सोडा, फिनेल काही घालायचे नाही. आणि हे सगळे मोरीत करू नका. वाळू नाली तुंबवते, आणि चाळीत नाली तुंबली की भांडण वाळूपुरते राहत नाही. अंगणात, गच्चीवर किंवा झाडाच्या बुंध्याशी धुवा.

ज्यांच्या घरी जुना टँक आहे त्यांनी तळाशी प्लास्टिकची जाळीदार प्लेट आहे का ते पाहावे. पूर्वी तो अंडरग्रॅव्हल फिल्टर फार चालत असे. त्यावर वाळू घालू नका. दाणे फटींतून खाली उतरतात आणि प्लेट बंद पडते. ती काढून टाका आणि हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा. पाण्यात बुडणारा मोटरचा फिल्टर असेल तर त्याचे तोंड वाळूपासून दोन-तीन इंच वर ठेवा, नाही तर दाणे आत जाऊन पंखा खातात. टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग काढायचा, हा नियम मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

वाळूखाली मातीचा थर द्यावा का, असे काही जण विचारतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक १९९९ मध्ये लिहिले, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. साधी माती इंचभर, तिच्यावर वाळू इंचभर. पद्धत चांगली आणि स्वस्त आहे. पण आपल्याकडची काळी माती त्यासाठी घेऊ नका, ती फुगते, चिकट होते आणि तिच्यात चुनखडी असते. कोकणातली किंवा घाटमाथ्यावरची तांबडी माती, शेणखत न घातलेली, बरी. पहिल्या टँकला मात्र आम्ही हे सुचवणार नाही. झाड उपटताना माती वर आली की पाणी गढूळ होते, सुरुवातीला अमोनियाही सुटतो, आणि नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो. नुसत्या वाळूवर सुरुवात करा. क्रिप्टोकोरीन आणि अ‍ॅमेझॉन सोर्ड ही झाडे मुळांतून पोट भरतात, त्यांच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी खोल पुरा. ही गोळी टँकसाठी मिळते तीच. शेतात टाकायचा युरिया किंवा डीएपी चिमूटभरही घालू नका. त्यातून निघणारा अमोनिया रात्रीत सगळे मासे मारू शकतो.

सगळी झाडे वाळूत लावायची नसतात, हे दुकानात सहसा सांगत नाहीत. अ‍ॅन्यूबियस आणि जावा फर्न यांचे जाड आडवे खोड वाळूत पुरले की ते कुजते. ती दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधायची. व्हॅलिसनेरियाची मुळे वाळूत, पण पाने जिथून फुटतात तो पांढरट कोंब वाळूच्या वर उघडा राहिला पाहिजे. हायड्रिलासारख्या देठाच्या झाडांची खालची पाने काढून देठ बोटाच्या दोन पेरांइतके खोल खोचायचे.

लावताना टँकमध्ये चार बोटे पाणी असले की पुरे. झाडे लावून झाली की वाळूवर ताटली ठेवा आणि तिच्यावर मगाने सावकाश पाणी सोडा. नळाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले असावे. पहिले दोन-तीन दिवस थोडा गढूळपणा राहील. पुढच्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येईल. वाळूच वाईट निघाली असे समजून बरेच जण याच वेळी टँक रिकामा करतात. नव्या टँकला तो येतोच, आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप कमी होतो. क्रिप्टोकोरीनची पानेही याच काळात विरघळल्यासारखी गळतात. मुळे उपटून पाहू नका, नवी पाने तिथूनच येतील. दिवा रोज सहा ते आठ तास, अधिक नको.

मासे मात्र लगेच सोडू नका. वाळूच्या वरच्या थरात अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर फक्त झाडे. मग चार गप्पी, आणखी पंधरा दिवसांनी चार झेब्रा. गोल्डफिश या टँकला नको. तो वाळू तोंडात घेऊन चाळत बसतो आणि झाडे उपटून टाकतो, आणि एवढ्या टँकमध्ये मावतही नाही.

साफ करताना नळी वाळूत खुपसायची नाही, बोटभर वरून फिरवायची. घाण हलकी असते, ती उचलली जाते, वाळू राहते. दुकानातून आणलेल्या झाडांबरोबर कधी शंकूच्या आकाराच्या लांबट गोगलगाई येतात. त्या दिवसा वाळूत शिरून बसतात आणि रात्री बाहेर येतात. पुष्कळ जण त्यांना वेचून मारतात. आम्ही म्हणू, असू द्या. सुईने करायचे ते वाळू उकरण्याचे काम त्या फुकट करतात. त्या फारच वाढल्या तर आपण खाद्य जास्त घालतो आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

घर बदलायची वेळ आली तर वाळू काढून, जुन्याच पाण्यात खळबळून, ओली बादलीत न्या. टँक दोन-तीन दिवसांत पुन्हा लागणार नसेल तर ती धुऊन उन्हात पसरून वाळवा आणि गोणीत भरून ठेवा. वाळवलेल्या वाळूतले जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे पुन्हा टँक लावाल तेव्हा ते चार-सहा आठवडे नव्याने मोजावे लागतील. आणि धुताना निघालेले काळे पाणी गच्चीवरच्या मिरचीच्या, गुलाबाच्या कुंड्यांना घाला.